मुक्काम काळूच्या उत्तर काठावर

कोकणातल्या नद्या सह्याद्रीवरून उतरून पश्चिमेला समुद्राकडे निघतात, त्यामुळे त्यांना साधारणपणे एक उत्तर काठ असतो आणि एक दक्षिण काठ. नदीवरच्या सहलीत तंबू कुठल्या काठावर ठोकायचा हे बहुतेक वेळा गाडी कुठपर्यंत जाते आणि सपाट जागा कुठे आहे यावर ठरतं. आकाश बघायचं असेल तर मात्र उत्तर काठ धरावा, म्हणजे पाणी दक्षिणेला येतं. ठाण्याहून दीड-दोन तासांवर, मुरबाड तालुक्यात काळू नदीच्या एखाद्या संथ डोहाशी, पौषातल्या अमावास्येच्या आगेमागे पंधरा-वीस जणांचा गट घेऊन गेलात तर याचं कारण रात्री साडेदहाला आपोआप कळेल.

तोवर काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली शेकोटी. शेकोटी आणि तारे एकत्र नांदत नाहीत. अंधुक प्रकाशात बघण्याचं काम डोळ्यांतल्या दंडपेशी करतात. त्यांच्यातलं ऱ्होडॉप्सिन हे द्रव्य उजेडात विघटित होतं आणि अंधारात पुन्हा भरून यायला वीस-तीस मिनिटं घेतं. घोडबंदर रोडवरच्या बाल्कनीत ही वीस मिनिटं कधी मिळतच नाहीत, म्हणून तिथे मृगाचे ठळक तारे, व्याध आणि एखादा ग्रह एवढ्यावर भागवावं लागतं. काठावर ती मिळतात, पण कुणीतरी मोबाइलचा टॉर्च पेटवून चप्पल शोधतो आणि सगळ्यांचं मीटर पुन्हा शून्यावर येतं. दंडपेशींना लाल प्रकाश फारसा जाणवत नाही. त्यामुळे टॉर्चवर लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन पदर रबरबँडने बसवले की चप्पलही सापडते आणि तारेही शाबूत राहतात.

दुसरी गोष्ट अपेक्षांची. गटातल्या निम्म्या लोकांनी आकाशगंगेचे फोटो पाहिलेले असतात आणि तसा दुधाळ पट्टा दिसेल म्हणून ते आलेले असतात. हिवाळ्यात संध्याकाळी तो दिसत नाही. आकाशगंगेचं केंद्र आपल्यापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर आहे, आणि जानेवारीतल्या रात्री आपण त्या केंद्राकडे पाठ करून बाहेरच्या, विरळ वस्तीच्या बाजूला बघत असतो. पट्टा असतो, पण फिकट. केंद्राची बाजू रात्री वर येते ती नेमकी पावसाळ्यात. कोकणातल्या माणसाने याबद्दल कुढण्यात अर्थ नाही.

पूर्वेला सह्याद्रीची भिंत आहे, हेही ध्यानात ठेवायला हवं. हजार मीटर उंचीचा कडा पंधरा किलोमीटरवर असेल तर तो जवळपास चार अंश आकाश झाकतो. आकाश तासाला पंधरा अंश सरकतं, म्हणजे ॲपवर दिलेल्या उदयाच्या वेळेनंतर पंधरा-सोळा मिनिटांनी तारा कड्यावरून डोकावतो. पश्चिमेला कल्याण-डोंबिवलीचा नारिंगी-पांढरा घुमट उभा असतो, त्याचं काही करता येत नाही. डोक्यावर मात्र आठच्या सुमारास कृत्तिकांचा झुबका असतो. त्याच्याकडे थेट न बघता किंचित बाजूला बघितलं की एक-दोन तारे जास्त मोजता येतात, कारण दृष्टीच्या अगदी मधोमध दंडपेशी नसतातच.

आता दक्षिण. ध्रुवतारा क्षितिजापासून किती उंच, तर आपण ज्या अक्षांशावर उभे आहोत साधारण तितके अंश. मुरबाडला ते १९. हात लांब करून धरलेली मूठ दहा अंशांची, म्हणजे ध्रुव जेमतेम दोन मुठींवर. आता पाठ फिरवा. जानेवारीच्या अखेरीस साडेदहाच्या आसपास दक्षिणेला बरोबर समोर अगस्त्य हा तारा आलेला असतो, आणि त्याची उंची असते १८ अंश. उत्तरेला ध्रुव, दक्षिणेला अगस्त्य, दोघेही दोन-दोन मुठींवर. हा तोल ठाणे-पुण्याच्या पट्ट्यातच जमतो. नागपुरात अगस्त्य १६ अंशांवर येतो, दिल्लीत नऊच्याही खाली राहतो आणि लंडनमध्ये तो कधीच उगवत नाही. रात्रीच्या आकाशातला व्याधानंतरचा सगळ्यात तेजस्वी तारा युरोपातल्या बहुतेकांना घरबसल्या दिसत नाही, आणि आपण तो घराजवळ दिसत असूनही इमारतींमागे सोडून देतो.

"काका, ते विमान आहे ना? लाल-हिरवं होतंय बघा."

"विमान असतं तर एव्हाना मुंबईला उतरलं असतं. जागचं हललंय का ते?"

हा संवाद अगस्त्याखाली हमखास होतो. १८ अंशांवरच्या ताऱ्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्यापेक्षा तिपटीहून जास्त हवा ओलांडून येतो. गरम-थंड हवेचे थर तो प्रकाश क्षणोक्षणी वाकवतात, प्रत्येक रंगाला जरा वेगळं, म्हणून तो रंग बदलत लुकलुकतो. वर ५४ अंशांवर असलेला व्याध त्यामानाने शांत असतो. तो आहे ८.६ प्रकाशवर्षांवर, आपल्या शेजारचा म्हणून तेजस्वी. अगस्त्य सुमारे ३१० प्रकाशवर्षांवर आहे आणि तरीही दुसरा, कारण तो सूर्याच्या सुमारे दहा हजार पट प्रकाश ओततो. आज डोळ्यांत शिरणारा त्याचा प्रकाश निघाला तेव्हा साताऱ्यात बाळाजी विश्वनाथ पेशवे होते आणि ठाणं अजून पोर्तुगीजांकडे होतं.

या ताऱ्याची यानांनीही मदत घेतली आहे. १९६४ साली मंगळाकडे निघालेल्या मरीनर ४ने एक नजर सूर्यावर आणि दुसरी अगस्त्यावर ठेवून आपली दिशा सांभाळली. सूर्याच्या दिशेपासून तो कायम बराच दूर, आडव्या बाजूला असतो आणि तेजस्वी आहे, म्हणून ही निवड.

पण उत्तर काठाचा खरा फायदा पाण्यात आहे. उतरत्या रात्री जमीन आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे फेकते आणि तळाची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते. थंड, जड हवा खाली बसून राहते, वरचा वारा तिच्यापर्यंत पोचत नाही आणि डोह काचेसारखा होतो. आवाजाचंही तेच. थंड थरावर गरम थर आला की वर निसटणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो, म्हणून दिवसा न ऐकू आलेली पलीकडच्या वळणावरची खळखळ रात्री तंबूपर्यंत पोचते. दवाचंही मूळ हेच. उघड्यावर लावलेला तंबू अकरापर्यंत ओला होतो, आंब्याखालचा सकाळी कोरडा सापडतो. उघड्या तंबूला वर थंडगार आकाश दिसतं आणि त्याचं कापड हवेहूनही थंड पडतं. आंब्याखालच्या तंबूला वर आंबा दिसतो, तो जवळपास हवेइतकाच उबदार.

तर असा डोह निवला की पाण्याच्या कडेला उभं राहून खाली बघा. व्याधाचं प्रतिबिंब पायाजवळ, साडेतीन-चार फुटांवर असतं, आणि अगस्त्याचं पंधरा फुटांवर. वर व्याध अगस्त्याच्या जवळपास तिप्पट तेजस्वी दिसतो. पाण्यात अगस्त्य त्याला मागे टाकतो, तेही दुप्पट उजळ होऊन. गटातल्या कुणाला आधी न सांगता "पाण्यातला मोठा तारा कोणता?" असं विचारून बघा, वाद रंगतो.

कारण प्रकाश पाण्यावर कुठल्या कोनात पडतो यात आहे. व्याधाचा प्रकाश उभा येतो. त्यातला सुमारे सव्वादोन टक्केच परततो, बाकीचा पाण्यात शिरून तळाच्या गाळात संपतो. अगस्त्याचा प्रकाश तिरपा येतो आणि त्यातला सुमारे १६ टक्के पृष्ठभागावरूनच उसळतो. सातपटीचा हा फरक आकाशातली तिपटीची पिछाडी भरून काढून वर दुप्पट आघाडी देतो. समुद्र पिऊन टाकणाऱ्या ऋषीचा तारा पाण्यातच भाव खाऊन जातो, हे गंमतीचं. पाणी आणि अगस्त्य यांची गाठ जुनीच आहे. प्राचीन ज्योतिषी वराहमिहिराने त्याच्या उदयावर वेगळा अध्याय लिहिला, आणि तो उगवला की नद्यांचं पाणी निवळतं अशी समजूत आहे. आपल्याकडे तो ऑगस्टच्या उत्तरार्धात पहाटे उगवू लागतो, ढगांमुळे दिसतो बराच नंतर. तोवर पाऊस ओसरलेला असतो, ओहोळ माती आणेनासे होतात आणि गाळ तळाशी बसतो. ताऱ्याने यात काही केलेलं नसतं, वेळ मात्र त्याने चोख सांगितलेली असते.

हे सगळं बघायला समोरच्या काठावरची झाडं दोन मुठींपेक्षा बुटकी हवीत. दुपारी तंबू ठोकण्याआधी कंपासने दक्षिण धरून तेवढं मोजून घ्यावं. अमावास्येला दोन-तीन दिवस मागेपुढे चालतात. पहाटे पाण्यावर धुकं धरतं, कारण हवा पाण्यापेक्षा बरीच गार झालेली असते आणि वर येणारी वाफ लगेच थंड होऊन तिचे थेंब होतात, त्यामुळे प्रतिबिंबाचा कार्यक्रम मध्यरात्रीच्या आत उरकावा. अगस्त्य अडीचच्या सुमारास मावळतो. शेकोटी पेटवायची ती अकरानंतर.

एप्रिलच्या अखेरीस याच वेळी दक्षिणेला त्रिशंकू हा तारकासमूह उभा असतो आणि मागोमाग मित्र नावाचा तारा येतो, नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या ताऱ्यांतला सूर्यानंतरचा आपला सगळ्यात जवळचा शेजारी, ४.४ प्रकाशवर्षांवरचा. तो फक्त दहा अंश वर येतो, म्हणजे पाण्यातून त्याचा एक तृतीयांशाहून जास्त प्रकाश परतायला हवा. अडचण एवढीच की तोवर काळूचं पात्र बरंच आटलेलं असतं. ज्यांना करून बघायचंय त्यांनी आत्ताच गावातल्या माणसांना विचारून उन्हाळ्यातही पाणी टिकणारा डोह हेरून ठेवावा.