रस्ता दत्तक योजना आणि द्वेषमूलक संघटनांचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य

वंशद्वेष किंवा धर्मद्वेष पसरवणाऱ्या संघटनेने सरकारी स्वयंसेवी उपक्रमात भाग घ्यायचे ठरवले, तर केवळ तिची मते घृणास्पद आहेत म्हणून सरकार तिला दारातून परत पाठवू शकते का? अमेरिकेच्या घटनाकायद्यात हा प्रश्न गेली तीसएक वर्षे चर्चेत आहे. तो सर्वांत ठळकपणे पुढे आला तो ‘अडॉप्ट-अ-हायवे’ म्हणजे महामार्ग दत्तक योजनेच्या निमित्ताने. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेने मिसूरी, टेक्सास आणि जॉर्जिया या राज्यांत रस्त्याकडेचा कचरा उचलण्यासाठी अर्ज केले. तिन्ही राज्यांनी तिला दूर ठेवायचा प्रयत्न केला आणि तिन्ही ठिकाणी प्रकरण न्यायालयात गेले.

योजना मुळात अगदी साधी आहे. टेक्सासच्या महामार्ग खात्यातील जेम्स इव्हान्स या अभियंत्याने 1984 मध्ये टायलर शहराजवळ पुढच्या गाडीतून कचरा उडून रस्त्यावर पसरताना पाहिला आणि गावोगावच्या मंडळांनी रस्त्याचा एकेक तुकडा साफ ठेवावा, अशी कल्पना मांडली. त्याच खात्यातील बिली ब्लॅक यांनी ती प्रत्यक्षात आणली. टायलरच्या सिव्हिटन क्लब या सेवाभावी मंडळाने शहराच्या उत्तरेकडील महामार्ग क्र. 69 चा दोन मैलांचा पट्टा घेतला आणि 1985 च्या मार्चमध्ये तेथे पहिला फलक लागला. पुढे ही पद्धत देशभर पसरली. संस्था खात्याशी करार करते, वर्षातून ठरलेल्या वेळा सभासद भडक रंगाची जाकिटे घालून, हातात पिशव्या घेऊन रस्त्याच्या कडेने चालत बाटल्या आणि कागद वेचतात. मोबदल्यात खाते त्या पट्ट्याच्या तोंडाशी एक फलक उभारते. वर योजनेचे नाव, खाली संस्थेचे. लायन्स क्लब, शाळा, चर्च, एखाद्या गेलेल्या मुलाच्या आठवणीसाठी पट्टा घेणारे कुटुंब, असे सगळेच या फलकांवर असतात. अमेरिकेत गाडी चालवणाऱ्या मराठी माणसाने ते शेकडो वेळा पाहिलेले असतात.

सगळा वाद या फलकाच्या खालच्या ओळीचा आहे. कचरा उचलायला कोणी हरकत घेतली नव्हती. सरकारी पैशाने, सरकारी खांबावर, सरकारी रस्त्याच्या कडेला क्लॅनचे नाव लागणार, हे लोकांना सहन होत नव्हते. 1865 मध्ये टेनेसीतील पुलास्की येथे स्थापन झालेल्या आणि झुंडबळी, जाळपोळ, चाबकाचे फटके यांनी कृष्णवर्णीयांच्या पिढ्यांवर दहशत बसवलेल्या संघटनेचे ते नाव होते. लोकांचा संताप समजून घेतल्याशिवाय पुढचे खटले समजत नाहीत.

घटनेचा आधार

अमेरिकेच्या घटनेची पहिली दुरुस्ती (1791) सरकारला भाषणस्वातंत्र्यावर गदा आणू देत नाही. तिचा आजचा अर्थ बऱ्याच अंशी क्लॅनच्याच खटल्यांतून घडला आहे. ‘ब्रँडेनबर्ग विरुद्ध ओहायो’ (1969) या निकालात ओहायोतील एका क्लॅन नेत्याची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. बोलणे तत्काळ बेकायदा कृतीला चिथावण्यासाठी असेल आणि तशी कृती घडण्याची शक्यताही असेल, तरच ते दंडनीय ठरते, ही कसोटी त्या निकालाने घालून दिली. निव्वळ द्वेषपूर्ण मत तिच्यात बसत नाही.

स्वयंसेवी योजनेच्या बाबतीत आणखी दोन तत्त्वे लागू होतात. सरकारने एखादे व्यासपीठ नागरिकांना खुले केले, की कोणाची भूमिका आवडते आणि कोणाची नाही हे पाहून निवड करता येत नाही. नियम सर्वांना सारखे हवेत. दुसरे तत्त्व असे की लाभ देणे सरकारला बंधनकारक नसले, तरी तो लाभ देण्यासाठी कोणाला आपला घटनात्मक हक्क सोडायला लावता येत नाही. ‘फलक हवा असेल तर सभासदत्व बदला’ ही मिसूरी राज्याची अट याच दुसऱ्या तत्त्वावर आपटली.

मिसूरी

क्लॅनच्या मिसूरी शाखेने 1994 मध्ये सेंट लुइस शहरातील आंतरराज्य महामार्ग क्र. 55 चा अर्धा मैल, म्हणजे सुमारे 800 मीटर पट्टा मागितला. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांचे शाळांतील विभक्तीकरण मोडण्यासाठी न्यायालयाच्या आदेशानुसार कृष्णवर्णीय मुलांना उपनगरातील शाळांत नेणाऱ्या बसगाड्या याच मार्गाने जात, याकडे राज्याने लक्ष वेधले. रोज सकाळी खिडकीशी बसलेल्या मुलांना तो फलक दिसणार होता. कायद्याचा कीस काढताना ही गोष्ट नजरेआड होऊ नये, असे मला वाटते.

राज्याने अर्ज सरळ फेटाळला नाही. आधी ते स्वतःच संघीय न्यायालयात गेले आणि नकार देणे घटनेत बसेल का, असे विचारले. आठव्या मंडळाच्या (काही राज्यांच्या गटाला मंडळ म्हणतात) संघीय अपील न्यायालयाने 1997 मध्ये सांगितले की नकार दिलेलाच नाही, तेव्हा निवाडा करण्याजोगा वादच उभा राहिलेला नाही. मग खात्याने नकार दिला आणि क्लॅनने दावा लावला. राज्याची मुख्य कारणे दोन. क्लॅन वंशावरून सभासद नाकारते, त्यामुळे संघीय निधी घेणाऱ्या खात्याने तिला सामावून घेतले तर भेदभावविरोधी कायदा मोडेल. शिवाय तिचा इतिहास हिंसेचा आहे.

‘कफली विरुद्ध मिक्स’ (2000) या खटल्यात त्याच न्यायालयाने दोन्ही कारणे अमान्य केली. सभासद कोणाला करायचे हा संघटनेच्या सहवासस्वातंत्र्याचा भाग आहे आणि तो हक्क सोडण्याची अट योजनेला जोडता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. राज्याला अधिक जड गेली ती दुसरी गोष्ट. हजारो अर्जदारांपैकी इतर कोणाच्या सभासदत्वाची किंवा पूर्वेतिहासाची अशी झडती खात्याने घेतली नव्हती. नियम म्हणून पुढे केलेली कारणे एकाच अर्जदारासाठी शोधलेली दिसली, आणि भूमिकेवरून भेदभाव केल्याचा निष्कर्ष त्यातून निघाला. मार्च 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचे अपील ऐकायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने क्लॅनच्या बाजूने निकाल दिला, असे पुष्कळदा लिहिले जाते, पण ते बरोबर नाही. त्याने गुणवत्तेवर, म्हणजे मूळ वादावर, काहीच म्हटले नाही, खालचा निकाल तेवढा कायम राहिला.

मिसूरीने त्यानंतर हिंसेचा इतिहास असलेल्या आणि भेदभाव करणाऱ्या संघटनांना वगळणारा नवा नियम केला. पोटोसी गावाजवळील रस्त्यासाठी क्लॅनने पुन्हा अर्ज केला, तो याच नियमाखाली नाकारला गेला. ‘रॉब विरुद्ध हंगरबीलर’ (2004) मध्ये आठव्या मंडळाने हाही नियम टिकू दिला नाही.

सेंट लुइसच्या पट्ट्याचे पुढे काय झाले? लागलेला फलक लोकांनी पुन्हा पुन्हा तोडला. आणि क्लॅनने कचरा उचललाच नाही. कराराप्रमाणे सफाई होत नाही म्हणून खात्याने तिला योजनेतून काढले. हे कारण मात्र निर्विवाद होते, कारण ते शाळेला, चर्चला आणि क्लॅनला सारखेच लागू होते.

व्हायडर: निराळा निकाल

टेक्सासमधील व्हायडर या गावचे प्रकरण वेगळ्या वळणाने गेले आणि माझ्या मते या सगळ्या वादात तेच सर्वांत बोलके आहे. गाव पिढ्यान्‌पिढ्या फक्त गोऱ्यांचे. तेथील सरकारी वसाहत सर्वांना खुली करण्याचा आदेश संघीय न्यायालयाने दिला होता. राहायला आलेल्या मोजक्या कृष्णवर्णीयांना धमक्या आणि छळ सोसावा लागला, आणि 1993 मध्ये त्यांच्यापैकी शेवटच्या रहिवाशानेही घर सोडले. पुढे संघीय सरकारने वसाहत ताब्यात घेऊन बंदोबस्तात कुटुंबे आणली. याच वसाहतीजवळचा रस्ता क्लॅनने दत्तक मागितला.

पाचव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने 1995 मध्ये राज्याचा नकार योग्य ठरवला. ही योजना मतप्रदर्शनासाठी खुले केलेले व्यासपीठ नाही, तिचा हेतू रस्ते साफ ठेवण्याचा आहे, तेव्हा त्या हेतूशी सुसंगत अशी वाजवी बंधने राज्य घालू शकते, असे न्यायालयाचे म्हणणे. वसाहतीतल्या माणसांना घाबरवण्यासाठी योजनेचा वापर होऊ न देणे हे असेच बंधन होते, त्याला भूमिकेचा द्वेष म्हणता येत नव्हते. इथे फलकावर काय लिहिणार यापेक्षा तो कोणाच्या दारासमोर उभा राहणार याला वजन आले. मिसूरीतील बसगाड्यांचा मुद्दाही याच जातीचा होता, पण राज्याने नकाराचा भर संघटना कशी आहे यावर ठेवला.

फलकावर बोलतो कोण?

2012 मध्ये क्लॅनच्या एका गटाने उत्तर जॉर्जियातील डोंगराळ युनियन काउंटीत राज्य मार्ग क्र. 515 चा एक मैल मागितला. खात्याने त्या रस्त्यावरील ताशी 65 मैलांची वेगमर्यादा हे एक कारण दिले आणि फलकामुळे लोकक्षोभ होईल हे दुसरे. नागरी स्वातंत्र्यांसाठी लढणाऱ्या अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या संस्थेच्या वकिलांनी क्लॅनची बाजू घेतली. याच संस्थेने 1977 मध्ये इलिनॉयमधील स्कोकी गावी नव-नाझींच्या मोर्चाच्या हक्कासाठी लढा दिला होता, आणि त्यापायी आपले अनेक सभासद गमावले होते. जॉर्जियाच्या न्यायालयाने 2014 मध्ये नकार घटनाबाह्य ठरवला. 2016 मध्ये राज्याचे सर्वोच्च न्यायालय गुणवत्तेत शिरलेच नाही. अपील ठरलेल्या रीतीने दाखल केलेले नाही म्हणून ते फेटाळले गेले.

दरम्यान जॉर्जियाने नवा युक्तिवाद पुढे आणला होता. फलक सरकारचा, तेव्हा त्यावरचे बोलणेही सरकारचेच, आणि स्वतः काय बोलायचे हे सरकार ठरवू शकते. त्याला आधार मिळाला तो सर्वोच्च न्यायालयाच्या 2015 च्या ‘वॉकर’ निकालाचा. गुलामीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणी संघराज्याचा झेंडा असलेली वाहन क्रमांकपट्टी टेक्सासने नाकारली होती. पाच विरुद्ध चार मतांनी ते मान्य झाले. पण 2022 च्या ‘शर्टलेफ विरुद्ध बोस्टन’ निकालाने हा दरवाजा बराच अरुंद केला. बोस्टन नगरपालिकेने नगरभवनासमोर 2005 ते 2017 या काळात खाजगी संस्थांचे 284 ध्वजारोहण समारंभ एकही नकार न देता होऊ दिले आणि मग एका ख्रिस्ती झेंड्याला अडवले. सर्व न्यायमूर्तींनी एकमताने ते चूक ठरवले. येईल त्याला परवानगी देत गेलेल्या सरकारला अचानक ‘हे आमचे बोलणे’ असे म्हणता येत नाही. बहुतेक दत्तक योजनाही येईल त्याला पट्टा देत आल्या आहेत. दत्तक योजनेतील फलकाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने अजून स्वतः निकाल दिलेला नाही.

भारतीय वाचकाला हे सारे परके वाटते, कारण आपल्या घटनेतील अनुच्छेद 19(2) सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी वाजवी निर्बंधांना उघड जागा देतो आणि समाजगटांत वैर वाढवणे हा येथे गुन्हा आहे. मूलभूत हक्कांना इतके अपवाद जोडले आहेत, अमेरिकेत ते निरपवाद आहेत, अशी टीका तेव्हा होत होती. घटनेचा मसुदा मांडताना 4 नोव्हेंबर 1948 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला उत्तर दिले होते. अमेरिकेतही मूलभूत हक्क निरपवाद नाहीत, हे त्यांनी ‘गिटलो विरुद्ध न्यूयॉर्क’ (1925) या, क्रांतिकारी लिखाणाबद्दलची शिक्षा कायम ठेवणाऱ्या निकालाचा आधार देऊन सांगितले. बाबासाहेबांसमोरची अमेरिका गिटलोची होती. दोन देशांतील आजचे अंतर 1969 च्या ब्रँडेनबर्ग निकालानंतर वाढले.

नावांनी दिलेले उत्तर

फलक काढता येत नाही म्हटल्यावर मिसूरीच्या विधिमंडळाने रस्त्याचेच नाव बदलले. 2000 मध्ये क्लॅनच्या पट्ट्याला रोझा पार्क्स यांचे नाव मिळाले. 1955 मध्ये माँटगोमेरीत बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या त्या कृष्णवर्णीय शिवणकर्मी तेव्हा हयात होत्या. पुढे स्प्रिंगफील्डजवळ नव-नाझी संघटनेने रस्त्याचा अर्धा मैल घेतला, तेव्हा 2009 मध्ये त्या तुकड्याला रब्बी (ज्यू धर्मगुरू) अब्राहम जोशुआ हेशेल यांचे नाव दिले गेले. हेशेल 1939 मध्ये वॉर्सातून निसटले, त्यांची आई आणि बहिणी नाझींच्या हाती मेल्या, आणि 1965 मध्ये कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठी निघालेल्या मोर्चात ते सेल्मा येथे मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासोबत चालले. या कल्पनेचे पुष्कळांनी कौतुक केले. हेशेल यांच्या कन्या, धर्मेतिहासाच्या प्राध्यापक सुझॅना हेशेल यांना मात्र ती पटली नाही. नाझी ज्या रस्त्यावर वावरणार, त्याला आपल्या वडिलांचे नाव नको होते त्यांना.