मॅकआर्डल आजार : निदानामागचा इतिहास

खानापूर-निपाणी पट्ट्यात एखादं पोरगं चार पायऱ्या चढून पोटऱ्या धरून बसलं, की घरचे त्याला अंगचोर म्हणून मोकळे होतात. तालमीत जोर मारल्यावर लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर कावीळ समजून झाडपाला सुरू. रक्तात एसजीओटी (यकृताच्या तपासणीत मोजतात ते एन्झाइम) वाढलेलं निघतं आणि संशय आणखी पक्का होतो. पण हे एन्झाइम स्नायूंतही असतं. स्नायूंना इजा झाली की रक्तात उतरतं. सोबत सीपीके हे मुख्यतः स्नायूंतलं एन्झाइम तपासलं, तर रोख यकृताकडून स्नायूंकडे वळतो. अशा पोराला मॅकआर्डल आजार असू शकतो: स्नायूंना स्वतःत साठवलेली साखर वापरता न येणारा जन्मजात आजार.

१९५१ साली लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलचे डॉ. ब्रायन मॅकआर्डल यांनी ३० वर्षांच्या एका रुग्णाची हकिकत छापली. कुठलाही स्नायू थोडा राबवला की दुखायचा, मग आखडायचा, लहानपणापासून हेच. मॅकआर्डल यांनी त्याच्या दंडाला पट्टी आवळून रक्तपुरवठा अडवला आणि हाताला व्यायाम दिला. अशा वेळी निरोगी माणसाच्या रक्तात लॅक्टेट (स्नायू साखर वापरताना बनणारा पदार्थ) चढतं. याचं चढलंच नाही. स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, फुटतच नसावं, हे त्यांनी एवढ्यावरून ताडलं. ते फोडणारं फॉस्फोरिलेज हे एन्झाइम अशा रुग्णांच्या स्नायूंत नसतं, हे १९५९ मध्ये सिद्ध झालं; ते एन्झाइम बनवणाऱ्या पीवायजीएम जनुकातले दोष १९९३ मध्ये सापडले.

सगळ्यात चकवणारं लक्षण निराळंच. दुखतंय म्हणून वेग कमी केला आणि तसंच चालत राहिलं, तर सहा ते दहा मिनिटांत पाय हलके होतात, कारण तोवर रक्तातली साखर आणि चरबी स्नायूंना मिळू लागते. मघाशी कण्हणारा आता झपाझप चालतो, म्हणून लोक नाटक म्हणतात. खरं तर निदानाचा सगळ्यात पक्का धागा हाच. तो विचारायला पैसाही लागत नाही.

आपल्याकडे मामाच्या मुलीशी सोयरीक जुनी. कानडी घरांत मामा-भाचीचंही लग्न होतं. हा आजार व्हायला सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून यावं लागतं, आणि नात्यातल्या जोडप्यात तशी शक्यता वाढते. आई-वडील दोघेही वाहक (दोष अंगी असून आजार नसलेले) असतील, तर प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता २५ टक्के. मात्र नात्याबाहेरच्या लग्नांतही हा आजार दिसतो, तेव्हा सगळा दोष सोयरिकीवर टाकू नये.

दंड आवळण्याची ती चाचणी आता मागे पडली. तिनेच स्नायूंना इजा होऊ शकते. रक्तावरून जनुक तपासता येतं, त्यामुळे बायोप्सी (स्नायूचा तुकडा काढून तपासणं) बऱ्याचदा टळते. दोष सापडला की भावंडांचीही तपासणी करता येते.