टाके उसवले म्हणजे फ्लॅप गेला असं नाही

"सिस्टर, फ्लॅप फेल झाला वाटतं" असा मेसेज, खाली रात्री टॉर्च मारून काढलेला एक हललेला फोटो. प्लास्टिक सर्जरीच्या ड्रेसिंग रूममध्ये काम करणाऱ्या कुणालाही विचारा, हे नेहमीचंच आहे. आणि बहुतेक वेळा त्या फोटोत फ्लॅप (ऑपरेशनची पोकळी भरायला शरीराच्या दुसऱ्या जागेवरून वळवून आणलेला कातडी-स्नायूचा तुकडा) चांगला टवटवीत असतो, फक्त कडेचे टाके सुटून फट पडलेली असते. पण तोवर घरात रडारड झालेली असते आणि "एवढं मोठं ऑपरेशन वाया गेलं" हे पेशंटच्या कानावरही गेलेलं असतं. कंटाळा आला एकेकाला समजावून, म्हणून एकदाच सगळं लिहितेय.

ज्यांच्या घरी कॅन्सरमुळे एपीआर (गुदद्वार आणि रेक्टम काढण्याचं ऑपरेशन) किंवा पेल्विक एक्झेंटरेशन (त्याबरोबर शेजारचे अवयवही काढण्याचं) झालंय त्यांना ऑपरेशन मी काय नव्याने सांगणार. गुदद्वार, रेक्टम म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, कधी योनीचा भाग, कधी मूत्राशयसुद्धा काढल्यावर खाली मोठी पोकळी राहते, ती भरायला पोटाचा उभा स्नायू वरच्या कातडीसकट खाली वळवतात (व्हीरॅम) नाहीतर मांडीच्या आतल्या बाजूचा ग्रासिलिस नावाचा स्नायू आणतात. फ्लॅप आणि स्किन ग्राफ्ट (नुसती पातळ कातडी काढून लावणं) एक नाही हेही ऐकलं असेलच, ग्राफ्ट खालच्या जागेच्या रक्तावर जगतो, फ्लॅप स्वतःची रक्तवाहिनी बरोबर घेऊन येतो. ही शेवटची गोष्ट तेवढी लक्षात ठेवा.

कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. फ्लॅप मरतो तेव्हा त्याची स्वतःची रक्तवाहिनी बंद पडलेली असते, म्हणजे पिळली गेली, दबली, नाहीतर आत गुठळी झाली. टाके उसवतात तेव्हा फ्लॅपचं बरं चाललेलं असतं, कच्ची असते ती त्याच्या शेजारची तुमची मूळ कातडी, जिने ऑपरेशनआधी रेडिएशन खाल्लंय, बऱ्याचदा पंचवीसच्या पंचवीस सिटिंग. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या कमी झालेल्या असतात, जागा कडक झालेली असते, वर बसण्याचा दाब, सतत ओल, आत साचलेलं पाणी. फ्लॅपची बाजू जुळायला तयार असते, समोरची बाजूच धरत नाही. शिवण उसवली म्हणून कापड फाटलं असं आपण म्हणतो का?

म्हणून फट बघू नका, मधला तुकडा बघा. फट कितीही भयानक दिसली तरी मधली कातडी पोटाच्या किंवा मांडीच्या रंगाची, हाताला कोमट आणि मऊ असेल तर फ्लॅप आहे जागेवर. फटीच्या तळाशी लालबुंद दाणेदार मांस दिसतंय? छान, जखम भरतेय. त्यावर पिवळट चिकट थर दिसला की लोक "पू, पू" करतात, तो बऱ्याचदा पू नसून स्लफ म्हणजे मेलेल्या पेशींचा थर असतो, ड्रेसिंगमध्ये निघतो.

दुसरी खूण वेळेची. फ्लॅपची रक्तवाहिनी दगा देते ती बहुतेक पहिल्या दोन-तीन दिवसांत, तुम्ही वॉर्डातच असता तेव्हा. म्हणूनच सिस्टर रात्री-अपरात्री येऊन बोटाने दाबून बघतात, झोप मोडली म्हणून त्यांच्यावर चिडू नका. दाबलं की जागा पांढरी होते, सोडलं की साधारण दोन-तीन सेकंदांत रंग परत यायला हवा. फिका, गार आणि रंग परत यायला वेळ लागत असेल तर आत रक्त येत नाहीये. पण रंग झटकन परत आला की नातेवाईक खूश होतात ना, तिथे थांबा. जांभळट, फुगलेला फ्लॅप आणि झटकन येणारा रंग म्हणजे रक्त येतंय पण बाहेर जात नाहीये, टोचलं तर काळपट रक्त येतं, आणि हे तितकंच तातडीचं, काही तासांत परत ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागू शकतं. सावळ्या कातडीवर रंग कळत नाही तेव्हा गारवा आणि फुगवटा बघायचा. टाके उसवणं मात्र सहसा नंतरचं, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, घरी गेल्यावर, बहुतेक सगळ्यात खालच्या टोकाला.

मधली एक भानगड आहे ती मान्य करते. कधीकधी फ्लॅपचं फक्त रक्तवाहिनीपासून लांबचं टोक काळं पडतं, ग्रासिलिसच्या कातडीत हे जास्त, आणि ते सुकून सुटलं की तिथेच फट पडते. म्हणजे दोन्ही एकदम. तरीही अख्खा फ्लॅप गेला असं नाही, काळी कड पुरती वेगळी दिसेपर्यंत डॉक्टर थांबतात, मग तेवढीच कापतात.

वास, दुखणं यावरून दोन्हींत फरक करायला जाऊ नका. फ्लॅपला स्पर्श नीट कळतच नाही, म्हणून तर गरम पाण्याच्या पिशवीने शेकून फोड आलेले पेशंट येतात. शेकायचं नाही म्हणजे नाही.

उसवलेली जखम आतून वर भरत येते, आठवडे जातात, कधी महिने, कधी व्हॅक (जखमेतलं पाणी ओढून घेणारं मशीन) लावतात. त्या काळात डाळ, अंडी बंद करून पेशंटला पेज देत बसणाऱ्या मावश्यांपुढे मी हात टेकलेत. डाळीने पू होत नाही हो! जखम भरायला प्रोटीनच लागतं. आणि ती हवा भरलेली रिंग, मेडिकलवाला देतो ती, मला अजिबात आवडत नाही, मधे भोक असल्याने जखमेच्या कडा खाली ओढल्या जातात आणि भोवतीचा रक्तपुरवठा दबतो. कुशीवर झोपवा, बसायला डॉक्टर सांगतील तेव्हा आणि तेवढंच.

फटीतून शौच किंवा लघवीसारखं काही येणं, आतड्यासारखं काही बाहेर दिसणं, भळाभळा रक्त, थंडी वाजून ताप, यातलं काहीही झालं तर मेसेज करत बसू नका, सरळ कॅज्युअल्टीला या.

बाकी वेळी फोटो दिवसाउजेडी काढा, फ्लॅश बंद, फटीचा क्लोजअप एक आणि अख्खा फ्लॅप चारही कडांसकट दिसेल असा एक. बीटाडीन आधी पुसा, नाहीतर सगळंच तपकिरी दिसतं.