दुसरं सेम ग्राफिक्स कार्ड घेताय? आधी फ्रेम कशी बनते ते बघा

जुनी ग्राफिक्स कार्डं स्वस्त व्हायला लागली की एक प्रश्न हमखास येतो. माझ्याकडे अमुक कार्ड आहे, अगदी तसंच अजून एक मिळतंय, लावू का? एफपीएस (म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, एकेक चित्र) डबल होतील ना, आणि मेमरी ८ जीबी अधिक ८ जीबी म्हणजे १६ जीबी होईल ना? गेमिंगसाठी विचारत असाल तर उत्तर सरळ 'नाही' असं आहे. पण का नाही हे समजून घ्यायला खरंच मजा येते, कारण आजचे गेम चित्र कसं काढतात तेच त्यातून उलगडतं.

हा गैरसमज बहुतेक रॅमवरून येतो. रॅमच्या दोन सेम स्टिक लावल्या की ड्युअल चॅनल चालू होतं, जागाही वाढते आणि बँडविड्थही (डेटा ये-जा करण्याचा वेग), कारण दोन्ही स्टिक एकाच मेमरी कंट्रोलरच्या ताब्यात असतात. ग्राफिक्स कार्डांचा मात्र वेगवेगळा संसार असतो, प्रत्येकाचा प्रोसेसर वेगळा, मेमरी वेगळी. दोघांनी मिळून एकच गेम काढायचा तर टेक्स्चर, मॉडेल सगळं दोघांच्याही मेमरीत लागतं, म्हणजे तोच माल दोनदा भरायचा आणि वापरायला मिळणार ८ जीबीच.

एके काळी हे प्रकरण मस्त चालायचं हेही खरं. १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचं व्हूडू२ आलं, त्यात एसएलआय नावाच्या सोयीने दोन कार्डं जोडली की एक कार्ड स्क्रीनच्या सम ओळी काढायचं आणि दुसरं विषम. एकट्या कार्डाला ८०० बाय ६०० पर्यंतच जाता यायचं, जोडीला १०२४ बाय ७६८ जमायचं. पुढे एनव्हिडियाने २००४ मध्ये एसएलआय हेच नाव परत आणलं आणि २००५ मध्ये प्रतिस्पर्धी एटीआयने तसंच क्रॉसफायर काढलं. तोवर ओळी वाटून घेण्याऐवजी अख्ख्या फ्रेम वाटून घ्यायची पद्धत रूढ झाली, पहिली फ्रेम या कार्डाने, दुसरी त्या कार्डाने, तिसरी परत याने. आकडा वाढायचा पण हाताला तो जाणवायचाच असं नाही. समजा एका कार्डाला एक फ्रेम काढायला ३३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे साधारण ३० एफपीएस. दोन कार्डं आळीपाळीने लावली की मीटर ६० दाखवतो, पण प्रत्येक फ्रेम बनायला अजूनही ३३ मिलिसेकंदच लागतात, त्यामुळे माउस हलवल्यावर स्क्रीनवर फरक दिसायला पूर्वीइतकाच वेळ जातो. त्यात दोन्ही कार्डांचा ताल चुकला तर एक फ्रेम ५ मिलिसेकंदांनी येते, पुढची २८ मिलिसेकंदांनी, सरासरी ६० च्या आसपासच राहते आणि डोळ्याला मात्र चित्र अडखळताना दिसतं. मायक्रोस्टटर म्हणतात तो हाच.

आता मुख्य गोष्ट. फ्रेम वाटून घेणं चालायचं कारण तेव्हाची प्रत्येक फ्रेम बऱ्यापैकी स्वतंत्र होती. आजची नाही. कडांवरचे दाते घालवायला आज बहुतेक मोठे गेम टीएए (टेम्पोरल अँटी-अलायझिंग) वापरतात. यात कॅमेरा प्रत्येक फ्रेमला पिक्सेलपेक्षाही कमी अंतराने सरकवतात, प्रत्येक पिक्सेल मागच्या फ्रेममध्ये कुठे होता हे मोशन व्हेक्टर सांगतो, मग तिथला जुना रंग उचलून त्यात थोडासाच नवा रंग मिसळतात. म्हणजे तुम्हाला दिसणाऱ्या चित्राचा मोठा भाग आधीच्या फ्रेममधून साठत आलेला असतो. डीएलएसएससारखं अपस्केलिंग (कमी पिक्सेलचं चित्र मोठं करणं) घ्या, रे ट्रेसिंगमधला, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून बनवलेल्या चित्रातला नॉइज काढणारा फिल्टर घ्या, सगळे याच इतिहासावर जगतात.

आणि आपल्या जोडीत हा इतिहास नेमका शेजारच्या कार्डात असतो! ४के फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख पिक्सेल, प्रत्येकाला ८ बाइट धरले तर ६६ एमबी. साध्या डेस्कटॉपवर दोन कार्डं लावली की मुख्य प्रोसेसरकडून कार्डांकडे जाणाऱ्या १६ लेन (डेटाच्या वाटा) बहुधा ८-८ अशा वाटल्या जातात, आणि पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या ८ लेनमधून सेकंदाला जेमतेम ८ जीबी जातं. म्हणजे हे एकच बफर (मेमरीत साठवलेली ती जुनी फ्रेम) पलीकडे न्यायला ८ मिलिसेकंदांच्या वर लागतात. ६० एफपीएसला एका फ्रेमचं अख्खं बजेट १६.७ मिलिसेकंद, त्यातलं अर्धं नुसतं वाहतुकीत गेलं! ४.० वर हा वेळ निम्मा होतो, पण असे बफर एकाहून जास्त असतात. तेच वाचन आरटीएक्स ३०९० स्वतःच्या मेमरीतून करतं तेव्हा वेग सेकंदाला ९३६ जीबी असतो, एका मिलिसेकंदाचा दहावा भागही लागत नाही. शिवाय मागची फ्रेम पूर्ण झाल्याशिवाय पुढची पूर्ण होत नाही, सुरुवातीचं काम दोघांनी एकाच वेळी केलं तरी शेवटी एकाला दुसऱ्यासाठी थांबावंच लागतं.

पूर्वी हे वाटप ड्रायव्हर करायचा, गेमगणिक प्रोफाइल (त्या गेमसाठीची वाटपाची सेटिंग) यायची. डायरेक्टएक्स १२ मध्ये, म्हणजे गेम ज्यातून ग्राफिक्स कार्डाशी बोलतात त्या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीत, ती जबाबदारी गेम बनवणाऱ्यांवर आली, आणि मोजक्या लोकांकडे असलेल्या जोडीसाठी एवढी मेहनत कोण घेणार? एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१ पासून नवीन एसएलआय प्रोफाइल बंद केल्या, आरटीएक्स ३० मालिकेत जोडायचा कनेक्टर फक्त ३०९० आणि ३०९० टीआयला ठेवला, आणि ४०९० ला तोही नाही.

'दोन्ही कार्डं एकाच कंपनीची, एकाच बॅचची हवीत, मग चालतं' असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. विश्वास ठेवू नका. एसएलआय जोरात होतं तेव्हासुद्धा चिप आणि मेमरी सारखी असली की पुरायचं, बोर्ड कुणाचाही चालायचा. बॅच जुळवून गेमची रचना बदलत नाही. उलट दुसरं कार्ड आलं की पॉवर सप्लाय मोठा लागतो आणि वरच्या कार्डाच्या पंख्यांना खालच्याची गरम हवा मिळते.

काम आपसात अडकलेलं नसेल तिथे मात्र दुसरं कार्ड सोनं आहे. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्स नावाच्या रेंडररमध्ये एका पिक्सेलचे नमुने दुसऱ्या पिक्सेलची वाट बघत नाहीत, त्यामुळे दोन कार्डांवर रेंडरचा वेळ जवळजवळ निम्मा होऊ शकतो. घरच्या मशीनवर एआय मॉडेल चालवताना काही थर या कार्डात आणि काही त्या कार्डात ठेवता येतात, मधून जाणारा डेटा थोडा असतो आणि इथे दोन्हीकडची मेमरी खरोखर एकत्र कामाला येते. आणि या दोन्ही कामांना ना कार्डं जोडणारा ब्रिज लागतो ना जुळं कार्ड.