द फ्रंट रनर

द फ्रंट रनर : अमेरिकन लेखिका पॅट्रिशिया नेल वॉरन (१९३६–२०१९) यांची १९७४ साली प्रसिद्ध झालेली इंग्रजी कादंबरी. लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या जगात एक प्रशिक्षक आणि त्याचा धावपटू यांच्यात फुललेले प्रेम हा तिचा विषय आहे. समलिंगी प्रेमावरील समकालीन कादंबऱ्यांपैकी न्यूयॉर्क टाइम्सच्या सर्वाधिक खपाच्या यादीत पोहोचलेली ही पहिली कादंबरी, असे सामान्यतः मानले जाते. समलैंगिकता हा मानसिक आजार नव्हे, असा निर्णय अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने डिसेंबर १९७३ मध्ये घेतला होता. त्यानंतर काही महिन्यांतच ही कादंबरी वाचकांच्या हाती पडली.

कथा हार्लन ब्राउन स्वतः सांगतो. चाळिशीच्या उंबरठ्यावरचा हा माजी मरीन सैनिक स्वतःची ओढ जन्मभर दाबत आलेला आहे आणि एका आरोपामुळे मोठ्या विद्यापीठातील प्रशिक्षकपद गमावून न्यूयॉर्क राज्यातील प्रेस्कॉट या काल्पनिक महाविद्यालयात येऊन राहिला आहे. डिसेंबर १९७४ मध्ये बिली साइव्ह, व्हिन्स मॅटी आणि जाक लाफाँ हे तीन धावपटू त्याच्या दाराशी येतात. समलिंगी असल्याचे कळल्यावरून ऑरेगन विद्यापीठाच्या संघातून त्यांना काढून टाकलेले असते. चष्मा लावून धावणारा, शाकाहारी आणि बौद्ध विचारांचा बिली हा समलिंगी वकिलाचा मुलगा असल्यामुळे आपल्या स्वभावाची लाज बाळगणे त्याला ठाऊकच नाही. हार्लनला मात्र शिस्त आणि भीती यांपलीकडे काही माहीत नाही. या दोन स्वभावांची ओढाताण हाच कादंबरीचा खरा गाभा आहे.

शर्यतीच्या अखेरीस मुसंडी मारणे बिलीला जमत नाही. आरंभापासूनच आघाडी घेऊन मागच्यांना दमवणे हे त्याचे तंत्र. असा धावपटू सगळ्यांच्या नजरेसमोर सर्वांत जास्त वेळ एकटा धावतो, आणि वॉरन यांनी त्याच्या उघड जगण्याशी या तंत्राची घातलेली सांगड फार नेमकी आहे. प्रेमाच्या प्रसंगांइतकेच सरावाचे प्रसंगही येथे महत्त्वाचे आहेत. कारण हार्लनला काळजी व्यक्त करता येते ती सरावाचे मैल ठरवताना आणि बिलीने शरीरावर अति ताण घेऊ नये म्हणून त्याला आवरताना.

हौशी खेळांवर हुकमत गाजवणारे पदाधिकारी नियमांचा आधार घेऊन बिलीची वाट अडवतात. हा भाग लेखिकेच्या अनुभवातून आला असावा. त्या स्वतः लांब पल्ल्याच्या धावपटू होत्या. बोस्टन मॅरेथॉनमध्ये स्त्रियांना १९७२ पर्यंत अधिकृत प्रवेश नव्हता आणि त्याआधी तेथे नोंदणीविना धावलेल्या मोजक्या स्त्रियांत वॉरन यांचा समावेश होता. क्रीडासंघटनांची पत्रे आणि पात्रतेचे वाद कादंबरीत इतके खरे वाटतात, ते या ओळखीमुळेच.

कादंबरीचा कळसाध्याय १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये घडतो. म्हणजे दोन वर्षे आधीच लेखिकेने ही स्पर्धा कल्पिली. तेथे १०,००० मीटरचे सुवर्णपदक जिंकलेला बिली ५,००० मीटरच्या अंतिम शर्यतीत, विजय टप्प्यात आलेला असताना, एका द्वेष्ट्याच्या गोळीला बळी पडतो. (प्रत्यक्षात माँट्रियलमध्ये या दोन्ही शर्यती फिनलंडच्या लासे विरेनने जिंकल्या.) समलिंगी नायकाला शेवटी मरावेच लागते, या जुन्या साहित्यिक रूढीला वॉरनही शरण गेल्या, असा आक्षेप यावर घेतला जातो. आक्षेप निराधार नाही. तरीही जुन्या कथांत अशा नायकाचा मृत्यू पापाची शिक्षा म्हणून येई, तर येथे दोष निःसंदिग्धपणे मारणाऱ्याच्या पदरी पडतो. हा फरक मोठा आहे. शिवाय बिलीच्या मृत्यूनंतर हार्लन जगाआड होत नाही.

कादंबरीचा प्रभाव पुस्तकाबाहेर अधिक ठळक दिसतो. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये सुरू झालेल्या समलिंगी धावपटूंच्या एका गटाने तिच्यावरून ‘फ्रंटरनर्स’ हे नाव घेतले आणि पुढे याच नावाचे गट जगातील अनेक शहरांत निघाले. हार्लन्स रेस (१९९४) आणि बिलीज बॉय (१९९७) या कादंबऱ्यांत वॉरन यांनी कथा पुढे नेली. अभिनेते पॉल न्यूमन यांनी चित्रपटाचे हक्क घेतले होते. तो चित्रपट मात्र निघाला नाही.