गोठणबिंदूखालची लिफ्ट : सुरक्षा घटकांमागचा इतिहास

लिफ्टविषयीची युरोपीय मानके वाचताना एका साध्या वाक्याकडे सहसा दुर्लक्ष होते. यंत्रसामग्री जिथे बसवली आहे तिथले तापमान अधिक ५ ते अधिक ४० अंश सेल्सियसच्या दरम्यान राहील, असे त्या मानकांनी गृहीत धरलेले असते. राहत्या इमारती, कार्यालये आणि रुग्णालये यांच्या बाबतीत हे गृहीतक सहज खरे ठरते. उणे २५ अंशांचे गोठवणगृह, ध्रुवप्रदेशातील खाण किंवा हिवाळ्यात उघड्यावर उभा असलेला तेलशुद्धीकरणाचा मनोरा इथे मात्र ते लागू पडत नाही. अशा ठिकाणच्या लिफ्टसाठी सुरक्षा घटकांचा, म्हणजे केबिनला पडण्यापासून किंवा आदळण्यापासून वाचवणाऱ्या भागांचा, वेगळा विचार का करावा लागला, हे समजण्यासाठी आधी ते घटक मुळात कोणत्या समजुतीवर उभे राहिले ते पाहावे लागते.

एलिशा ओटिस यांनी १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात उंच फळीवर उभे राहून वरचा दोर तोडायला लावला, ही घटना सर्वश्रुत आहे. त्यांची युक्ती गाडीच्या पाटा-स्प्रिंगवर आधारलेली होती. दोराचा ताण असेपर्यंत स्प्रिंग वाकलेली राही आणि ताण गेला की ती सरळ होऊन तिची टोके दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांत अडकत. दोर न तुटताच केबिन वेगाने खाली येऊ लागली तर मात्र ही रचना निरुपयोगी होती, कारण दोराचा ताण कायमच राहत असे. म्हणून पुढे वेग मोजणारा गव्हर्नर आला. जेम्स वॉट यांनी वाफेच्या इंजिनावर बसवलेल्या केंद्रोत्सारी नियंत्रकाचेच तत्त्व त्यात वापरलेले होते. वेग ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की गव्हर्नर आपला स्वतंत्र दोर पकडतो, तो दोर केबिनखालची खटकी ओढतो आणि सेफ्टी गिअरच्या, म्हणजे केबिनवरच्या आणीबाणीच्या पकडीच्या, पाचरी किंवा रोलर हे केबिनला वाट दाखवणाऱ्या उभ्या रुळांवर, म्हणजेच गाइड रेलवर, आवळले जातात. दातेरी पट्टीची जागा गुळगुळीत रेलने आणि अडकण्याची जागा घर्षणाने घेतली. थंड प्रदेशांतल्या पुढच्या अडचणींचे बीज याच बदलात होते.

या साखळीतला प्रत्येक दुवा किती मोलाचा आहे, हे २८ जुलै १९४५ रोजी दिसले. धुक्यात वाट चुकलेले बी-२५ जातीचे लष्करी विमान न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर आदळले. त्यात एका लिफ्टचे मुख्य दोर तुटलेच, शिवाय गव्हर्नरचा दोरही तुटला, त्यामुळे सेफ्टी गिअरला कामाला लावणारे कोणी उरले नाही. केबिन सुमारे ७५ मजले खाली गेली. आतली महिला कर्मचारी जबर जखमी होऊनही वाचली, पण ती सुरक्षा यंत्रणेमुळे नव्हे. गव्हर्नरचा दोर हा या यंत्रणेचा सर्वांत नाजूक भाग असतो, आणि थंडीत त्याला त्रास देण्यासाठी विमानाची गरज पडत नाही.

थंडीशी लिफ्टचा पहिला मोठा औद्योगिक संबंध आला तो शीतगृहांमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत अमोनियावर चालणारी शीतकरण यंत्रे रूढ झाली आणि शहरांत, बंदरांजवळ बहुमजली शीतगृहे उभी राहिली. बहुमजली म्हटल्यावर मालवाहू लिफ्ट अपरिहार्य होती. त्या काळच्या अभियंत्यांनी शक्यतो लिफ्टच थंडीबाहेर ठेवण्याची व्यवहारी वाट धरली. लिफ्टचा शाफ्ट (केबिन वर-खाली जाते ती उभी पोकळी) थंड खोल्यांपासून उष्णतारोधक भिंतीने वेगळा करायचा, यंत्रघर वर उबदार जागी न्यायचे आणि शाफ्ट व कोठार यांच्यामध्ये मोकळी जागा सोडायची, अशी ती पद्धत होती. खाणींनीही तेच केले. थंड देशांत हिवाळ्यात खाणीत उतरणारी हवा शाफ्टच्या तोंडाशीच तापवली जाते. रशियातील खाण-सुरक्षा नियमांनुसार आत जाणाऱ्या हवेचे तापमान किमान अधिक २ अंश असावे लागते. कामगारांच्या सोयीइतकाच यामागे शाफ्टच्या भिंतींवर आणि मार्गदर्शक रुळांवर बर्फ साचू न देण्याचा हेतू आहे. ही पद्धत महागडी असली तरी माझ्या मते आजही सर्वांत भरवशाची आहे.

सगळीकडे मात्र ती शक्य नव्हती. गोठवलेल्या अन्नाचा व्यवसाय वाढल्यावर उणे १८ अंश आणि त्याखालचे तापमान नित्याचे झाले. पुढे तीस-चाळीस मीटर उंचीची स्वयंचलित कोठारे आली, ज्यांत उचलयंत्रे गोठलेल्या हवेतच कायम वावरतात. तेव्हा घटकांनाच थंडी सोसायला लावणे भाग पडले आणि प्रश्न सुरू झाला तो पोलादापासून.

पोलाद थंडीत ठिसूळ होते, ही गोष्ट धातुतज्ज्ञांना आधीपासून ठाऊक होती. जॉर्ज शार्पी यांची खाचेच्या तुकड्यावर आघात करून पाहण्याची चाचणी विसाव्या शतकाच्या आरंभीची आहे. तिचे गांभीर्य मात्र दुसऱ्या महायुद्धात पटले. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे धक्क्याला शांतपणे उभे असलेले स्केनेक्टडी हे नवे कोरे टँकर जहाज मोठा आवाज होऊन जवळजवळ दुभंगले. युद्धकाळात घाऊक प्रमाणात बांधलेल्या लिबर्टी या मालवाहू जहाजांतही अशा भेगा पडत होत्या. केंब्रिजमधील कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिले की दोष केवळ वेल्डिंगचा नव्हता. ते पोलाद एका ठराविक तापमानाखाली वाकण्याऐवजी तुटण्याच्या अवस्थेत जात होते, आणि सलग वेल्डिंगमुळे भेगेला वाटेत अडवणारे काही उरत नव्हते. त्यानंतर पोलादाच्या दर्जावर चाचणीचे तापमानही लिहिले जाऊ लागले. युरोपीय प्रतवारीत जे-२ म्हणजे उणे २० अंशांना किमान २७ ज्यूल आघात-ऊर्जा शोषणारे पोलाद, आणि एनएल म्हणजे उणे ५० अंशांनाही तेवढी हमी देणारे. सेफ्टी गिअरची चौकट, पाचरी, रेल धरणारे ब्रॅकेट आणि त्यांचे बोल्ट हे सगळे आयुष्यात कदाचित एकदाच, पण अचानक आणि पूर्ण भाराने कामाला लागतात. शार्पीची चाचणी नेमकी अशाच क्षणाची आहे. नेहमीच्या तपमानाला निर्दोष ठरलेला घटक उणे ३० अंशांना त्याच धक्क्याने तडकू शकतो.

तरीही प्रत्यक्ष देखभाल करणाऱ्यांना विचारले तर ते पोलादापेक्षा पाण्याची तक्रार अधिक करतात. कोरडी थंडी त्या मानाने सोसण्याजोगी असते. दार उघडले की बाहेरची दमट हवा आत शिरते आणि तिच्यातली वाफ जी वस्तू सर्वांत गार असेल तिच्यावर जाऊन बसते. ती वस्तू म्हणजे गाइड रेल, दाराचा उंबरा आणि कुलपाचा हुक. रेलवरचा हिमथर कागदाइतका पातळ असला तरी पाचर आवळल्यावर दाबाने आणि घर्षणाच्या उष्णतेने त्याचा पृष्ठभाग ओला होतो आणि पकड सैल पडते. क्रमाक्रमाने रोखणाऱ्या सेफ्टी गिअरने पूर्ण भाराच्या केबिनचे मुक्त पतन सरासरी ०.२ ते १ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचे त्वरण) इतक्या मंदनाने थांबवावे, अशी अपेक्षा असते. हा पट्टा कोरड्या किंवा ठरावीक वंगण लावलेल्या रेलवर जुळवलेला असतो, बर्फावर नव्हे. म्हणूनच अशा ठिकाणी रेल खरवडणारी पाती, वंगणाविना चालणारे रोलर आणि काही ठिकाणी रेल तापवणाऱ्या तारा आल्या.

गव्हर्नरची गोष्ट याहून बारकाईने पाहण्यासारखी आहे. गव्हर्नरने दोर पकडल्यावर त्यात निर्माण होणारी ओढ किमान ३०० न्यूटन, किंवा सेफ्टी गिअर ओढायला लागणाऱ्या बलाच्या दुप्पट, यांपैकी जे जास्त असेल तितकी असावी असा नियम आहे. ही ओढ बहुधा पुलीच्या खोबणीतल्या घर्षणातून मिळते. खोबणीत बर्फ भरला तर दोर वरच्यावर तरंगतो आणि घसरतो. दुसरे टोक खाली पिटमध्ये, म्हणजे शाफ्टच्या तळाच्या खड्ड्यात, असते. तिथे दोर ताणून धरणारे वजन लोंबकळत असते आणि वितळलेले सगळे पाणीही तिथेच येऊन गोठते. वजन बर्फात रुतले की दोराचा ताण नियंत्रणाबाहेर जातो. त्यातच सेफ्टी गिअरच्या खटकीतले ग्रीस मेणासारखे घट्ट झाले असेल, तर जास्त ओढ लागते आणि मिळते मात्र कमी. दोन्ही दोष वेगवेगळे पाहिले तर किरकोळ वाटतात, एकत्र आले की साखळी तुटते. सिसल या वनस्पतीच्या धाग्यांचा गाभा असलेले दोर ओलावा शोषून आतून गोठतात, म्हणून तिथे पोलादी गाभ्याचे दोर पसंत केले जातात.

रेल थंडीत आखडते, हेही विसरून चालत नाही. तीस मीटर उंचीची पोलादी रेल अधिक २० अंशांना बसवली आणि नंतर शाफ्ट उणे ३० पर्यंत गार केला, तर ती सुमारे १८ मिलिमीटरने आखूड होते. ब्रॅकेटने तिला सरकू दिले नाही तर ती ताणली जाते, जोड उघडतात आणि पाचर-रेलमधले मोजके अंतर बिघडते. म्हणून घट्ट आवळणाऱ्या पकडींऐवजी सरकू देणाऱ्या क्लिपा वापरतात.

शाफ्टच्या तळाशी केबिनचा धक्का झेलणाऱ्या बफरच्या बाबतीत अडचण द्रवाची आहे. तेलाच्या बफरमध्ये दट्ट्या तेलाला बारीक छिद्रांतून ढकलतो आणि त्यातच केबिनची ऊर्जा खर्ची पडते. मंदनाने २.५ जी ही मर्यादा ०.०४ सेकंदापेक्षा जास्त वेळ ओलांडू नये, अशी अट असते. थंडीत दाट झालेले तेल छिद्रांतून वेळेवर सरकत नाही आणि बफर पहिल्याच क्षणी खांबासारखा वागतो. संश्लेषित तेलांनी हा प्रश्न बराचसा सोडवला. पॉलियुरेथेनचे बफर स्वस्त आणि सुटसुटीत असतात, पण ते थंडीत कडक होतात. कमी वेगाच्या लिफ्टसाठी जुनी पोलादी स्प्रिंग तिथे आजही अधिक विश्वासू ठरते.

दोरांचाच त्रास टाळण्याचा एक वेगळा मार्ग उत्तर स्वीडनने दाखवला. शेलेफ्तेओ येथे १९४८ मध्ये स्थापन झालेल्या अलिमाक कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला दातेरी पट्टी आणि दंतचक्रावर चालणारी बांधकाम लिफ्ट रूढ केली. तिचे केंद्रोत्सारी सुरक्षा-ब्रेक केबिनमध्येच असते आणि स्वतःच्या दंतचक्राने त्याच पट्टीत गुंतलेले असते. गव्हर्नरचा दोर नाही, पिटमधले वजन नाही, रेलवरच्या घर्षणावर भिस्त नाही. एका अर्थाने ओटिस यांची दातेरी पट्टीच परत आली. थंड प्रदेशांतील चिमण्या, धरणे आणि खाणींत ही रचना पसरली यात नवल नाही. सोव्हिएत संघाने १९६९ च्या गोस्त १५१५० या मानकात यंत्रांचे हवामानानुसार वर्ग पाडले. त्यातला थंड हवामानाचा वर्ग उणे ६० अंशांपर्यंत जातो. युरोपने १९९५ च्या लिफ्ट निर्देशात सुरक्षा घटकांची स्वतंत्र यादी करून त्यांचे प्रमाणीकरण सक्तीचे केले, पण तापमानाचा प्रश्न मुख्यतः खरेदीदार आणि उत्पादक यांच्या आपसातील बोलणीवर सोडला.

या सगळ्या वाटचालीत एक समजूत जवळजवळ कोणी तपासली नाही : लिफ्ट थांबली की माणूस वाचला. दाराच्या कुलपाचा हुक किमान ७ मिलिमीटर अडकल्याशिवाय केबिन हलू नये, संपर्क जुळला नाही तर प्रवाह तुटावा, वीज गेली की स्प्रिंगने ब्रेक लागावा, अशी सारी रचना थांबण्याकडे झुकलेली आहे. बर्फाने संपर्क जुळू दिला नाही तर लिफ्ट उभी राहते, म्हणजे नियमाप्रमाणे यंत्रणा यशस्वी झाली. उणे २५ अंशांच्या शाफ्टमध्ये अडकलेल्या माणसासाठी मात्र तिथूनच धोका सुरू होतो. आणि वारंवार विनाकारण थांबणाऱ्या लिफ्टमुळे दुसरा, अधिक छुपा धोका जन्माला येतो. वैतागलेला तंत्रज्ञ कुलपाच्या संपर्काला जंपर, म्हणजे तो संपर्क वगळणारी तार, टाकून मोकळा होतो आणि कधी कधी तो काढायचा राहून जातो. २०१४ च्या ईएन ८१-२० या युरोपीय लिफ्ट-मानकाने दारांचे संपर्क वगळण्यासाठी नियंत्रण पेटीतच अधिकृत सोय दिली आणि ती चालू असताना लिफ्ट नेहमीप्रमाणे धावणार नाही अशी व्यवस्था केली. ही सवय मोडण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न म्हणावा लागेल.

म्हणूनच गोठवणगृहांच्या लिफ्टमध्ये आता सुरक्षा घटकांच्या त्या अधिकृत यादीबाहेरच्या गोष्टींना सुरक्षा घटकाचे मोल आले आहे. केबिनमधला हीटर आणि त्याला मुख्य विजेपासून वेगळा पुरवठा, उंबऱ्याखालच्या तापतारा, ब्रेकच्या शूला चिकटू न देणारे तापक, आणि स्विचच्या पेट्यांना श्वास घेताना पाणी आत ओढू न देणारी झडप या त्यांपैकी काही. आणीबाणीचा दिवा एक तास जळावा लागतो आणि संकटसूचक दूरध्वनी चालावा लागतो. शिसे-आम्लाच्या बॅटरीची क्षमता मात्र उणे २० अंशांना निम्म्याच्या आसपास उतरते, त्यामुळे ती शाफ्टबाहेर उबदार जागी ठेवणे किंवा दुप्पट घेणे हाच उपाय उरतो. करार करताना कोठाराचे तापमान लिहिले जाते, पण दार तासाला किती वेळा उघडणार आणि बाहेरची हवा किती दमट असणार हे क्वचितच लिहिले जाते, जरी रेलवर किती बर्फ बसेल हे त्या दोन आकड्यांवर अधिक अवलंबून असते.