अवताराची वेशरचना आणि वेशांची मांडणी

आभासी जगात वावरणाऱ्या माणसाच्या संगणकीय देहाला अवतार म्हणतात. या देहाची ठेवण, त्वचा, केस, वस्त्रे, दागिने आणि चालण्या-बसण्याची ढब निवडून एक पूर्ण वेश तयार करणे, तो जतन करून ठेवणे आणि साठलेल्या अनेक वेशांतून हवा तो ऐनवेळी सापडेल अशी व्यवस्था लावणे, या साऱ्याचा समावेश वेशरचनेत होतो. यातला पहिला भाग हौसेचा असल्यामुळे त्याबद्दल भरपूर बोलले जाते. मांडणीकडे मात्र बहुतेकांचे लक्ष इन्व्हेंटरीत, म्हणजे स्वतःच्या वस्तूंच्या साठ्यात, हजारो वस्तूंचा ढीग साचल्यावरच जाते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगाचा विचार केला आहे, कारण तेथे देहाचा प्रत्येक घटक वेगळी वस्तू म्हणून हाताळता येतो आणि म्हणूनच मांडणीचा प्रश्न तेथे सर्वांत ठळकपणे उभा राहतो. उदाहरणे नाशिक परिसरातील वेशांची घेतली आहेत.

सॅन फ्रान्सिस्को येथील लिंडेन लॅब या कंपनीने २००३ च्या जूनमध्ये सेकंड लाइफ सर्वांसाठी खुले केले. आरंभीचा अवतार म्हणजे एक ठरलेला देह असून त्याच्यावर कपडे रंगवल्यासारखे चढत असत. २०११ मध्ये बाहेरच्या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये घडवलेले मेश, म्हणजे जाळीसारख्या पृष्ठभागांचे आकार, आणण्याची सोय झाली आणि मूळ देह पूर्णपणे झाकून त्याजागी कारागिरांनी घडवलेला मेश-देह घालण्याची प्रथा रूढ झाली. २०१६ च्या अखेरीस आलेल्या ‘बेंटो’ या सुधारणेने अवताराच्या सांगाड्यात बोटांची, चेहऱ्याची, पंखांची व शेपटीची हाडे वाढवली, तर २०१९ मधील ‘बेक्स ऑन मेश’ या सुविधेमुळे जुन्या पद्धतीचे रंगवलेले थर मेश-देहावरही थेट दिसू लागले.

अवताराचे चार घटक अनिवार्य आहेत : शेप म्हणजे देहाची ठेवण, स्किन, डोळे आणि केसांचा पाया. हे घटक काढता येत नाहीत, फक्त बदलता येतात. शेपमधील उंची, खांद्यांची रुंदी, नाकाचा उंचवटा इत्यादी मापे ० ते १०० या पट्टीवर सरकवून ठरवली जातात. या चौघांवर वस्त्रांचे, टॅटूचे व अल्फाचे थर येतात. असे एकंदर ६० थर एका वेळी घालता येतात. अल्फा थर स्वतः दिसत नाही, तो खालच्या देहाचा ठरावीक भाग अदृश्य करतो, जेणेकरून कपड्यातून गुडघा किंवा कोपर बाहेर डोकावू नये. तिसरा गट अटॅचमेंटचा, म्हणजे देहाला जोडल्या जाणाऱ्या वस्तूंचा. मेश-देह, केस, साडी, जोडे, दागिने आणि पडद्यावर दिसणारी नियंत्रणपटले हे सर्व याच गटात मोडतात आणि त्यांची मर्यादा ३८ आहे. ३८ हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण मेश-डोके, देह, केस, दोन हातांत बांगड्या, पैंजण, नथ, कानातले आणि तीन-चार पटले एवढ्यातच तो बराचसा संपतो.

मांडणीचा पाया म्हणजे लिंक. २०१० मध्ये व्ह्यूअरची, म्हणजे सेकंड लाइफमध्ये वावरण्यासाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरची, दुसरी पिढी आली तेव्हापासून जतन केलेल्या वेशाच्या फोल्डरमध्ये मूळ वस्तू ठेवल्या जात नाहीत, त्या वस्तूंकडे निर्देश करणाऱ्या लिंका ठेवल्या जातात. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालत आले आहे. अशा जुन्या ग्रंथालयात एकाच पुस्तकाची कार्डे लेखकाच्या खणात, विषयाच्या खणात आणि नावाच्या खणातही असतात, कार्ड फाटले तरी पुस्तक कपाटात राहते आणि पुस्तकच गहाळ झाले तर सगळी कार्डे निरुपयोगी होतात. लिंकेचा व्यवहार नेमका असाच आहे. एकच अंबाडा पंधरा वेशांत वापरता येतो आणि त्यासाठी पंधरा अंबाडे लागत नाहीत. यावरून एक नियम निघतो : मूळ वस्तू प्रकारानुसार एका ठिकाणी कायमच्या ठेवाव्यात आणि प्रसंगानुसार होणारी मांडणी केवळ वेशांच्या फोल्डरांत, म्हणजे लिंकांनी, करावी. मूळ वस्तूच प्रसंगवार फोल्डरांत वाटून टाकणारे लोक पुढे ‘ती मोरपंखी साडी दिवाळीत ठेवली की लग्नात’ या शोधात अडकतात. लिंकेवर उजवी टिचकी देऊन मूळ वस्तूपर्यंत पोहोचण्याची सोय आहे, तिचा वापर फार कमी जण करतात.

तथापि लिंक वस्तूची अवस्था लक्षात ठेवत नाही, आणि बहुतेक तक्रारींचे मूळ येथे सापडते. नथीचे उदाहरण घ्यावे. एकाच नथीची लिंक दोन वेशांत आहे, पण त्या दोन वेशांतील मेश-डोकी वेगवेगळी आहेत. पहिल्या वेशात नथ नाकपुडीवर बरोबर बसवली की तिची जागा नथीच्या मूळ वस्तूत नोंदली जाते. मग दुसरा वेश चढवताच तीच नथ गालाच्या हवेत तरंगताना दिसते. तिथे ती सरकवली की पहिला वेश बिघडतो. रंगाचेही तसेच आहे. नियंत्रणपटलावरून साडीचा रंग जांभळा केला की ती साडी ज्या ज्या वेशात आहे तेथे सर्वत्र जांभळी होते. यावर उपाय म्हणजे वस्तूच्या प्रती काढून प्रत्येकीला स्वतंत्र नाव देणे, उदाहरणार्थ ‘नथ – पहिले डोके’, ‘पैठणी – जांभळी’. परंतु प्रत काढण्याची परवानगी विक्रेत्याने दिली असेल तरच हे शक्य होते. वस्तूवर प्रत, बदल व हस्तांतरण अशा तीन परवानग्या स्वतंत्रपणे लावलेल्या असतात आणि विकत घेण्यापूर्वी त्या पाहणे हे किंमत पाहण्याइतकेच आवश्यक आहे. ज्यांच्याकडे अनेक वेश आहेत त्यांनी प्रतीची परवानगी नसलेले दागिने घेऊच नयेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

घालण्याच्या दोन आज्ञांमधील भेदही असाच फसवा आहे. ‘वेअर’ ही आज्ञा दिल्यास त्याच जागेवर आधी असलेली वस्तू निघून जाते, ‘अ‍ॅड’ दिल्यास आधीची वस्तू राहून नवी तिच्या जोडीला येते. सांगाड्याशी बांधलेली मेश-वस्त्रे कोणत्याही जागी जोडली तरी देहावर योग्य ठिकाणीच दिसतात. त्यामुळे कित्येक कारागीर ती उजव्या हाताच्या जागी जोडून देतात आणि ग्राहकाला त्याचा पत्ताही नसतो. अशी साडी नेसलेल्या अवताराने भरल्या मंडपात पूजेचे ताट उजव्या हातात ‘वेअर’ केले की ताट येते आणि साडी जाते.

नाशिक जिल्ह्यातील येवला हे पैठणी विणण्याचे मोठे केंद्र आहे आणि पैठणीचा नऊवारी वेश हा मराठी वापरकर्त्याच्या कसोटीचा विषय म्हणता येईल. हातमागावरील पैठणीचा पदर रंगीत धागे एकमेकांत अडकवून विणला जात असल्याने उलट-सुलट दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. मेशचा पृष्ठभाग मात्र स्वभावतः एकाच बाजूने दिसतो. खांद्यावरून सोडलेला पदर वाऱ्याने उलटल्यासारखा दाखवला की त्याची मागची बाजू नाहीशी होते. कारागिराला मग मागच्या बाजूसाठी दुसरा पृष्ठभाग घडवावा लागतो आणि वस्तूचे ओझे वाढते. २०२४ मध्ये आलेल्या ‘जीएलटीएफ’ (glTF) पद्धतीच्या मटेरियलमध्ये पृष्ठभाग दुबाजू ठरवण्याची सोय असल्यामुळे हा प्रश्न बराच सुटला आहे. जरीची चकाकी २०१३ पर्यंत चित्रातच रंगवावी लागे. त्यानंतर उजेड कोठून येतो त्याप्रमाणे चमक बदलवणारी खास चित्रे (‘मॅप’) लावता येऊ लागली, आणि खरी सुधारणा तेथून दिसते. काष्टा हा सर्वांत अवघड भाग होय. दोन पायांच्या मधून मागे खोचलेले कापड चालताना दोन्ही मांड्यांच्या हाडांनी दोन दिशांना ओढले जाते आणि मधोमध ताणून फाटल्यासारखे दिसते. म्हणून नऊवारीच्या वेशात साडीइतकेच महत्त्व चालीला आहे. अवताराची मूळ चाल बदलणारे ‘एओ’ नावाचे साधन लहान पावले टाकणारे निवडून त्याची लिंक याच वेशात ठेवली तर काष्टा बराच सावरतो. कपाळावरची चंद्रकोर टॅटूच्या थरात येते, गजरा अंबाड्याहून वेगळा ठेवावा. तो इतर साड्यांवरही चालतो.

ढोल-पथकातील वादकाच्या वेशात अडचण निराळी आहे. पांढरा झब्बा आणि फेटा सहज मिळतो. ढोल कमरेच्या जागी जोडला जातो आणि वाजवण्याची हालचाल ढोलातूनच सुरू होते. प्रत्येक हालचालीला प्राधान्याचा क्रमांक असतो. एओमधील उभे राहण्याच्या हालचालीचा क्रमांक वरचा असेल तर ढोल कमरेला असूनही हात खाली लोंबत राहतात. नाशिक ढोलाचा ठेका चालू आणि वादक स्वस्थ उभा, हे दृश्य टाळायचे असेल तर या वेशात एओची लिंक ठेवूच नये.

रंगपंचमीला जुन्या नाशकात आणि पंचवटीत रहाडी उघडतात, म्हणजे दगडी हौद रंगीत पाण्याने भरले जातात आणि लोक त्यांत उड्या घेतात. त्या प्रसंगाचा रंगाने माखलेला वेश करायचा झाल्यास त्वचेवरचे डाग टॅटूच्या थरात देता येतात, परंतु मेश-सदऱ्यावर ते उमटत नाहीत, कारण सदरा ही स्वतंत्र वस्तू असून थरांच्या एकत्रीकरणात ती येत नाही. बदलाची परवानगी असलेल्या सदऱ्याची प्रत काढून तिच्यावर डागांचे चित्र लावणे हाच मार्ग उरतो. अशी प्रत वर्षातून एकदा लागते, तेव्हा तिच्या नावात ‘रंगपंचमी’ हा शब्द असलाच पाहिजे.

नावे देण्याविषयी थोडे. वेशांची यादी नावांच्या वर्णक्रमाने दिसते, त्यामुळे नावाचा पहिला शब्द सर्वांत मोलाचा असतो. तेथे रंग किंवा दुकानाचे नाव घालण्यापेक्षा मेश-देहाचे नाव घालणे हितावह ठरते, कारण ‘मैत्रेय’ या मेश-देह बनवणाऱ्या ब्रँडच्या देहासाठी शिवलेले वस्त्र दुसऱ्या देहावर बसत नाही. देह, मग प्रसंग, मग मुख्य वस्त्र, हा क्रम पुरेसा आहे. वेशाचे छायाचित्र काढून ते दालनात लावण्याची सोय आहे. नावांच्या शिस्तीचा कंटाळा असणाऱ्यांना ती बरी. विकत घेण्यापूर्वी अंगावर घालून पाहायचे नमुने, उघडून झालेली खोकी आणि दुकानांनी वाटलेल्या भेटवस्तू यांनी इन्व्हेंटरी सर्वाधिक फुगते. एकाच फोल्डरात हजारो वस्तू सुट्या पडलेल्या असल्या की जगात प्रवेश करतानाच वेळ लागू लागतो.

कारागीर एखाद्या वस्तूची सुधारित आवृत्ती पाठवतो तेव्हा जुन्या वेशांतील सर्व लिंका जुन्या वस्तूकडेच बोट दाखवत असतात. व्ह्यूअरमधील लिंका बदलण्याच्या साधनाने त्या एका फटक्यात नव्या वस्तूकडे वळवता येतात. हे झाल्याशिवाय जुनी वस्तू कचऱ्यात टाकू नये.

प्रत्येक वेशाचे ओझे ‘कॉम्प्लेक्सिटी’ या अंकाने मोजले जाते. पाहणाऱ्याने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे हा अंक गेला तर त्याच्या पडद्यावर तो अवतार एकरंगी बाहुलीसारखा दिसतो. ही पद्धत २०१६ पासून आहे आणि साध्या लॅपटॉपवर वावरणाऱ्यांना तिचा मोठा आधार वाटतो. कुरळे सुटे केस आणि बारीक नक्षीचे दागिने यांचे ओझे साडीपेक्षाही अधिक भरते, ही गोष्ट नवख्यांना खरी वाटत नाही. गर्दीच्या समारंभासाठी तोच वेश हलक्या केसांनी आणि मोजक्या दागिन्यांनी वेगळा जतन करावा. वेळेचाही संबंध येथे येतो. सेकंड लाइफचे घड्याळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचे असून नाशिक त्याच्या उन्हाळ्यात साडेबारा व हिवाळ्यात साडेतेरा तास पुढे असते. तेथील संध्याकाळी सातचा कार्यक्रम उन्हाळ्यात नाशकात दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला पडतो. कामावर निघण्याच्या घाईत वेश नव्याने जुळवत बसणे परवडत नाही.

इतर आभासी जगांत मांडणीचा पसारा कमी आहे. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत संपूर्ण वेश म्हणजे ६४ गुणिले ६४ पिक्सेलचे एकच चित्र, त्यामुळे तेथे वेश जपणे म्हणजे फायली जपणे. रोब्लॉक्समध्ये जतन केलेल्या वेशांची यादी असते. व्हीआरचॅटमध्ये युनिटी या साधनात अवतार आधीच पूर्ण घडवून अपलोड केला जातो आणि कपडे बदलणे म्हणजे त्यात आधी बसवलेले भाग मेनूतून चालू-बंद करणे होय. नवा दागिना हवा असेल तर अवतार पुन्हा अपलोड करावा लागतो. एका जगातील वस्त्र दुसऱ्या जगात नेता येत नाही. मानवसदृश अवतारांसाठी जपानमध्ये विकसित झालेले व्हीआरएम हे खुले स्वरूप अनेक सॉफ्टवेअरमध्ये चालते, परंतु त्यात अवतार एकसंध फाइल म्हणून जातो. सेकंड लाइफमधील सुटे घटक, त्यांच्या परवानग्या आणि लिंका यांना त्यात जागा नाही.